तंगीतल्या घरात माळवं (भाजीपाला) पोचवायचं कसं? पेठेत शेतकरी बाजार चालवणाऱ्यांसाठी

रविवारी संध्याकाळी बाजार उठायला लागला की एक दृश्य हमखास दिसतं. भाजीवाली शेतकरीण उरलेल्या मेथीच्या पेंड्यांकडे बघत विचार करत असते, की या परत बुट्टीत भराव्यात की इथंच टाकून जावं. सुकलेली मेथी उद्या कुणी घेणार नाही आणि परत न्यायची तर टेम्पोचं भाडं आहेच. तिच्यापासून दहा पावलांवर, विजेच्या खांबाला टेकून, एक-दोन बायका उभ्या असतात. भाव उतरायची वाट बघत. अंधार पडला की त्या पुढं येतात आणि वीस रुपयांत जे मिळेल ते पिशवीत घालून निघून जातात.

या दोघींना एकमेकींची गरज आहे. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या काही जणांनी मिळून त्यांच्यात नीट दुवा बांधायचा प्रयत्न केला. सुरुवातीला आम्ही चुकलो, ते पुढं सांगतोच. तालीम मंडळ, बचत गट, कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक किंवा अपार्टमेंटमधले चार शेजारी, कुणालाही हे जमण्यासारखं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते सविस्तर लिहितो.

आधी घरात काय कमी पडतंय ते बघा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आधार फार मोठा आहे, यात शंका नाही. पण हिशेब करून बघा. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो, म्हणजे दिवसाला माणशी साधारण १६५ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचं दोन वेळचं जेवण एवढ्यात होत नाही. आणि हे झालं नुसतं धान्य. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या पोटात रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं जायला हवीत. त्याच पाच माणसांना दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो लागतील. त्यातलं काहीच रेशनवर मिळत नाही.

त्यामुळं आपल्या भागात बऱ्याच घरांत भूक दिसते ती रिकाम्या ताटाच्या रूपात दिसत नाही. ताटात भात असतो, चपाती असते, पण सोबत कोरड्यास, म्हणजे तोंडी लावायला भाजी-आमटी, नसतं. खरडा आणि चहा यांच्यावर पोरं शाळेला जातात. शेतकरी बाजाराचा उपयोग नेमका इथं आहे.

कुणाकडं ही वेळ आहे, हे शोधताना फक्त पिवळं कार्ड बघू नका. भाड्याच्या खोलीत राहणारी आणि कार्ड गावाकडं असलेली घरं, एकटी राहणारी म्हातारी माणसं, नवरा गेल्यावर नाव वेगळं न झालेली बाई, भंगार वेचणारी कुटुंबं, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, आजारपणात कर्ज झालेलं एखादं मध्यमवर्गीय घरसुद्धा. शेवटचं घर तोंड उघडणार नाही. तिथं आशाताई, अंगणवाडीताई आणि गल्लीतला किराणा दुकानदार यांचीच मदत होते. कुणाची उधारीची वही वाढत चाललीय हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं अन्नाची चणचण मोजायला आठ प्रश्न तयार केले आहेत. पैशाअभावी जेवणाची काळजी वाटली का, एखादं जेवण टाळलं का, घरातलं संपलं का, दिवसभर उपाशी राहावं लागलं का, अशा धर्तीचे. ते फॉर्म घेऊन दारात उभं राहिलात तर सगळे ‘नाही’ म्हणतील. आम्ही एकच प्रश्न ठेवला: “महिनाअखेरीला कोरड्यास काय करता, वहिनी?” उत्तरातच सगळं येतं.

वर्षातले दिवसही ओळखून ठेवा. आषाढ-श्रावणात पावसामुळं मजुरी बंद असते आणि नेमकी तेव्हाच भाजी महाग होते. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा खर्च असतो. आणि महिन्याचा शेवटचा आठवडा प्रत्येक महिन्यातच येतो. पैसे कमी असतील तर वर्षभर पातळ पसरण्यापेक्षा याच दिवसांसाठी राखून ठेवा.

जागा आणि वेळ

शाहू मार्केट यार्डात भाजीचे सौदे सकाळी निघतात आणि माल पोत्यानं, क्रेटनं जातो. पावशेर गवारी घेणाऱ्या बाईचं तिथं काम नाही. आपल्याला किरकोळ बाजार हवा. लक्ष्मीपुरी किंवा कपिलतीर्थसारखी मंडई चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर तिथं बसणाऱ्या शेतकऱ्यांशीच बोला, नवीन बाजार मांडायची गरज नाही. वस्तीपासून मंडई लांब असेल तर मात्र वस्तीजवळ छोटा बाजार भरवा. भाजीत वाचलेले पैसे रिक्षात गेले तर काय उपयोग?

शेतकऱ्यानं थेट ग्राहकाला विकण्यात अडचण नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडी बाजाराचं अभियान सुरू झालं. पणन मंडळाकडं त्याची माहिती मिळते. जागेसाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. तालमीचं पटांगण किंवा शाळेचं मैदान असेल तर काम लवकर होतं. पाण्याचा नळ, दिवा आणि वजनमापे विभागाचा शिक्का असलेले काटे एवढं बघा.

वेळ संध्याकाळी ५ ते ८ ठेवा. धुणीभांडी करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या बायका त्याआधी मोकळ्या होत नाहीत. आम्ही पहिले दोन आठवडे सकाळी बाजार भरवला. ज्यांच्यासाठी केला त्यातलं कुणीच आलं नाही.

शेतकऱ्याशी बोलणी

इथं घाई करू नका. सगळं काम या बोलण्यावर उभं राहतं.

आमची मोठी चूक इथं झाली. शेतकऱ्यांना आम्ही म्हणालो, “उरलेलं माळवं गरिबांसाठी द्या.” पहिल्या आठवड्यात त्यांनी आनंदानं दिलं. तिसऱ्या आठवड्यात निम्मे शेतकरी आलेच नाहीत. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाळ, आमच्या घरात पण रेशनचंच धान्य हाय.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. दहा-पंधरा गुंठ्यांत भाजी करणारा माणूस तोडणीची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि बियाण्याची उधारी घेऊन बाजारात बसलेला असतो. त्याच्याकडून फुकट मागणं म्हणजे एका तंगीतल्या घरातून काढून दुसऱ्या तंगीतल्या घरात देणं.

म्हणून नियम असा करा: सवलत आपण द्यायची, शेतकऱ्याला त्याचा पैसा पूर्ण मिळायचा.

दुसरा नियम दुय्यम मालाचा. वाकडी काकडी, बारकी वांगी, डाग पडलेला टोमॅटो, अंगानं मोठा झालेला दोडका. खायला चांगला, पण गिऱ्हाईक निवडताना बाजूला सारतं. शेतकऱ्यानं हा माल बाजार सुरू होतानाच वेगळ्या बुट्टीत ठेवायचा आणि त्याचा भाव पाटीवर लिहायचा. समजा पहिल्या प्रतीची वांगी ४० रुपये किलो आहेत, तर दुय्यम २५. हा भाव ५ वाजता आणि ८ वाजता सारखाच.

हे का करायचं? बाजार उठताना भाव पाडायची सवय लागली की सगळेच गिऱ्हाईक आठ वाजायची वाट बघतात आणि शेतकऱ्याचा पूर्ण दिवसाचा भाव बसतो. शिवाय गरीब बाईला अंधारात, उरलंसुरलं घ्यायला उभं राहावं लागतं. दुय्यम मालाचा भाव आधीच ठरला तर ती दिवसाउजेडी, बाकीच्यांच्या बरोबरीनं निवडून घेऊ शकते.

पहिल्या बैठकीला सहा-सात शेतकरी पुरेत. त्यांत निम्मे पालेभाजीवाले हवेत. एखादा डाळी-कडधान्यं आणणारा आणि एक अंडीवाला असला तर उत्तम. गगनबावडा, आजरा, चंदगडकडचा नाचणी आणणारा कुणी मिळाला तर त्याला सोडू नका.

टोकनची पद्धत

अमेरिकेत सरकारी अन्नमदत घेणारी माणसं शेतकरी बाजारात आपलं मदतकार्ड वापरू शकतात. २००९ मध्ये डेट्रॉइट शहरात एक पद्धत सुरू झाली: मदतकार्डावरचे जेवढे पैसे बाजारात खर्च कराल, तेवढ्याच रकमेची टोकनं वर मिळतील, फळं-भाजीसाठी. बाई तेवढ्याच पैशांत दुप्पट भाजी नेते आणि शेतकऱ्याला पूर्ण दाम मिळतो. आपल्याकडं असं कार्ड नाही, पण दुपटीची कल्पना गल्लीत वापरता येते. आणि ती आपल्या मातीला परकी नाही. १८९६ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं काढली होती. माणसानं स्वतःच्या पैशानं, परवडेल अशा दरात विकत घ्यावं, हीच त्यातली दृष्टी.

आमची पद्धत अशी. नोंदवलेलं कुटुंब आठवड्याला ५० रुपये देतं आणि १०० रुपयांची टोकनं घेतं. ४० कुटुंबं धरली तर वरचे २,००० रुपये आठवड्याला, चार रविवारांचे ८,०००. छपाई आणि किरकोळ खर्च धरून साडेआठ हजार. वर्षाला एक लाखाच्या आसपास. रक्कम ऐकून दचकू नका. १५ कुटुंबांपासून सुरुवात केली तर महिन्याला ३,००० लागतात. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला ठरावीक भाग, वाढदिवसाला एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च उचलणारे शेजारी, दर महिन्याला २०० रुपये देणारे नोकरदार, यांतून ते उभे राहतात. आधी सहा महिन्यांचे पैसे जमवा आणि मगच टोकन छापा. मध्येच बंद पडलेली मदत माणसाला जास्त लागते.

टोकन १० आणि २० रुपयांची ठेवा, जाड पुठ्ठ्याची, क्रमांक आणि शिक्का असलेली. चिल्लर परत द्यायची नाही, म्हणून लहान किमतीची. भाजी, फळं, डाळ-कडधान्यं, अंडी यांनाच चालतील. मुदत दोन आठवडे, कारण एखाद्या रविवारी पोर आजारी असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हीच टोकनं, याच रंगाची, बाजारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विका. सोसायटीतल्या काकांनी २०० रुपये द्यावेत आणि २०० ची टोकनं घ्यावीत. मग कुणाच्या हातात सवलतीचं टोकन आहे हे शेतकऱ्यालाही कळत नाही आणि शेजारणीलाही. सवलतीची टोकनं बाजारात वाटू नका, आदल्या दिवशी आशाताईंमार्फत किंवा बचत गटाच्या बैठकीत शांतपणे द्या. आम्ही सुरुवातीला वेगळ्या रंगाची टोकनं काढली होती. एक मावशी ती घेऊन गेल्या आणि महिनाभर पिशवीतच ठेवली. विचारल्यावर म्हणाल्या, “माझ्या सुनेच्या मैत्रिणी असतात बाजारात.” त्याच आठवड्यात आम्ही रंग एक केला.

शेतकऱ्याचा पैसा त्याच संध्याकाळी, गाडी निघायच्या आत, रोख किंवा मोबाइलवर चुकता करा. ‘पुढच्या रविवारी देतो’ हे एकदाही म्हणायचं नाही. त्यासाठी टेबलावर दोन माणसं हवीत: एक टोकन मोजायला, एक पैसे द्यायला. दोघांच्या सह्या वहीत.

तरीही उरलं तर

दुय्यम माल आणि टोकन असूनही थोडं उरतंच. ते निधीतून कमी दरानं एकगठ्ठा विकत घ्या आणि जवळच्या वसतिगृहाला, वृद्धाश्रमाला किंवा सामूहिक स्वयंपाकघराला द्या. त्यांना आधी विचारा, किती आणि काय चालेल. रविवारी रात्री नऊला ३० पेंड्या पोकळा कुणाच्या दारात टाकून आलात तर सोमवारी तो उकिरड्यावर जातो.

पालेभाजी धुऊन ठेवू नका, लवकर सडते. ओल्या पोत्यात सैल गुंडाळून उभी ठेवा. टोमॅटो आणि पालेभाजी एका क्रेटमध्ये नको. बुरशी, वास, चिकटपणा दिसला की सरळ गुरांना. आपल्या ताटात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या पिशवीत घालायचं नाही. शिजवलेलं अन्न गोळा करायच्या भानगडीत मात्र सहज पडू नका. त्यासाठी २०१९ पासून वेगळे नियम आहेत, नोंदणी आणि तापमान-वेळेच्या नोंदी लागतात. ते काम त्यात मुरलेल्या संस्थांनीच करावं.

भाजी घरी गेली, पुढं?

गॅस संपायला आलेल्या घरात दोन भाज्या आणि आमटी वेगळी होत नाही. म्हणून बाजारातच एका कोपऱ्यात एका भांड्यात होणारे पदार्थ करून दाखवा. शिकवायला बाहेरून कुणी नको, गल्लीतली सुगरण बसवा. पोकळा किंवा चाकवत घालून पातळ आमटी, शेवग्याचा पाला घालून झुणका, मोड आलेल्या मटकीत दोन बारकी वांगी. मोड आणायला गॅस लागत नाही आणि पावशेर मटकीची मोठी पातेलीभर उसळ होते.

दोन गोष्टी सांगायला विसरू नका. पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबू किंवा टोमॅटो सोबत असावा. आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला की तेच लोह कमी शोषलं जातं. आपल्या घरोघरी हीच सवय असते, म्हणून चहा तासभर पुढं ढकला.

उन्हाळ्यात मेथी आणि गवारी वाळवून ठेवली, सांडगे घातले, तर आषाढात कामी येतात. बचत गटाला हे काम द्या, वाळवण आषाढात टोकनावर विकता येईल.

रेशनचं टेबल आणि ऊसतोडीची पालं

बाजारात टोकनच्या टेबलाशेजारी रेशनचा कागदोपत्री भाग समजणारा एक माणूस बसवा. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाच्या नव्या सुनेचं नाव चढलेलं नाही, कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. ही कामं अडकली की घरातला एक-एक माणूस धान्यातून वगळला जातो. प्राधान्य कुटुंबात पोराचं नाव चढलं तर महिन्याला ५ किलो धान्य वाढतं. एवढं आपल्या टोकननंही होत नाही.

आणि दिवाळीनंतर जिल्ह्यात येणारे ऊसतोड मजूर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली ही जोडपी पहाटे फडात जातात आणि रात्री पालावर येतात. जो जिल्हा साखरेनं ओळखला जातो, त्याच्याच फडात राबणाऱ्यांच्या पोरांना हिरवी भाजी मिळू नये, हे मला सहन होत नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत त्यांना गावाकडचं धान्य इथल्या दुकानातून घेता येतं. मात्र तिकडं राहिलेल्या म्हाताऱ्या आई-बापांसाठी किती सोडायचं, हे त्यांना विचारूनच उचला. भाजीसाठी तुमच्या बाजारातले दोन शेतकरी आठवड्यातून एकदा संध्याकाळी टेम्पो घेऊन पालावर जातील असं बघा. आधी मुकादमाशी बोला. पालावर भाजी टिकत नाही, तेव्हा भोपळा, कांदा, बटाटा, गाजर, कडधान्यं न्या. पालेभाजी त्याच रात्री शिजेल एवढीच.

पावसाळ्याआधी करायची तयारी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात, शहरात दूध-भाजी येईना. करवीर आणि शिरोळच्या नदीकाठचं माळवं कुजून गेलं. म्हणजे आपले गिऱ्हाईक आणि आपले शेतकरी, दोघंही एकाच दिवशी उघड्यावर आले.

म्हणून बाजारातले सगळे शेतकरी नदीकाठचे नकोत. माळावरचे, भुदरगड-आजऱ्याकडच्या उंच भागातले दोन-तीन तरी जोडलेले असावेत. मे महिन्यात त्यांच्याशी ठरवून ठेवा की पाणी आलं तर कांदा, बटाटा, भोपळा, कडधान्य कुठल्या रस्त्यानं, कुणाच्या गाडीतून येईल. निधीतली एका महिन्याची रक्कम पुरासाठी बाजूला ठेवा. पाणी ओसरल्यावर पहिले दोन आठवडे टोकनला स्वतःचे पैसे मागू नका. आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला, त्याचा माल नसला तरी, बाजारात दुसऱ्याचा माल विकायला बसवा, मजुरी देऊन. पुढच्या हंगामात तो परत येईल.

वही

दर रविवारी तीन आकडे लिहा: किती टोकनं गेली, किती परत आली, किती कुटुंबं आली. गेलेली आणि परत आलेली यांत फार फरक पडला तर लोकांना हवा तो माल बाजारात नाही असं समजा. दोन रविवार सलग न आलेल्या घरी कुणीतरी जाऊन यावं, टोकनविषयी न बोलता. फोटो काढू नका. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर भाजीच्या बुट्टीचा द्या.

तिसऱ्या महिन्यापासून टोकनच्या टेबलावर वस्तीतलीच एक बाई बसवा, तिचं मानधन ठरवून. कुठल्या घरात आठवडाभर चूल उशिरा पेटतेय, हे तिला वही न उघडता माहीत असतं. दर रविवारी २० रुपयांची दहा टोकनं तिच्या हातात वेगळी ठेवा. ती कुणाला दिली, हे तिला विचारायचं नाही.